अकरा हात

हॅचर गावाबाहेर हमरस्त्याला लागून टार्प्ली काउंटीनं बांधलेली एक भलीमोठी शेड होती. चाळीस हजार चौरस फूट, पत्र्याच्या भिंती, ट्रक मागं लावायला सहा दारं, आणि आत नुसती लाल माती. फरशी मुद्दामच घातली नव्हती. येणाऱ्या कारखानदाराची यंत्रं किती जड, त्यावर काँक्रीट किती जाड हे ठरणार, म्हणून ते काम राखून ठेवलेलं. ते सात वर्षं राखूनच राहिलं. तेवढ्या काळात आत पाकोळ्यांच्या कितीतरी पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

शेडची किल्ली नेड्रा पिकार्डकडं असायची. भोवतालचं गवत तीच कापायची, पाकोळ्यांची घाण तीच झाडायची, दिवे लागतात की नाही तेही आठवड्यातून एकदा तीच बघायची. काउंटीच्या विकास मंडळाची ती संचालक. मंडळात नोकरीला माणूस एकच, त्यामुळं टंकलेखकही तीच, ड्रायव्हरही तीच आणि पाहुण्यांना बर्फ घातलेला गार चहाही तीच करून द्यायची.

अठराव्या वर्षी ती हॅचरच्या पँटच्या कारखान्यात लागली होती. झिपा लावायची. पंधरा वर्षं झिपाच लावल्या. मग एका शुक्रवारी मॅनेजर टेबलावर उभा राहिला आणि म्हणाला, काम होंडुरासला चाललंय. होंडुरास कुठं आहे हे निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं. नेड्रानं घरी जाऊन पोरीच्या शाळेच्या नकाशात बोट फिरवून बघितलं. वर्षभर आधी याच मॅनेजरनं तिला सांगितलं होतं, आणखी दहा वर्षं आपण हलत नाही, खुशाल घर बांध. तिनं बांधलं होतं.

त्यानंतर विकास मंडळात टायपिंगला लागली. एका परदेशानं काम नेलं, आता दुसऱ्या परदेशाला ‘या’ म्हणून पत्रं टाइप करायची. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पगार वेळेवर यायचा. संचालक म्हणून बर्मिंगहॅमकडचे शिकलेले तीन जण एकामागोमाग एक आले, आणि पाच-सहा वर्षं काढून मोठ्या काउंटीत गेले. तिसऱ्यानं शेड बांधायला लावली आणि छपराचा रंग वाळायच्या आत राजीनामा दिला. तेव्हा मंडळाच्या ध्यानात आलं की फोन नेड्रा उचलते, फॉर्म नेड्रा भरते, पाहुणे नेड्रा फिरवते. मग चौथा आणायचा कशाला? तिच्याच दारावर पाटी लावली.

पाण्याची लाइन किती इंची, वीज कुठल्या तारेवरून, सहापदरी रस्ता किती मैलांवर, सगळं तिला तोंडपाठ. स्थळं यायची. जर्मन आले, कोरियन आले, कॅनडाचा एक खिळेवाला आला. बघायचे, खायचे, ‘कळवतो’ म्हणायचे. कळवत कुणीच नसे.

मंडळाचा अध्यक्ष हर्शेल मॅकवॉर्टर, पशुखाद्याच्या दुकानाचा मालक. त्याचा धीर सातव्या वर्षी सुटला.

“नेड्रा, डिसेंबरपर्यंत बघू,” तो म्हणाला. “न्हाईतर कोंबडीवाल्या डेल यार्ब्रोला देऊन टाकू, कोंबडखत साठवायला. त्याला फरशीबी लागत न्हाई.”

“आणि मंडळ?”

“खत सांभाळायला संचालक कशाला लागतोय?”

ऑगस्टात अटलांटाहून फोन आला. परदेशी कंपन्यांना जागा शोधून देणारा एक मध्यस्थ असतो, तसा हा प्रेस्टन ओगल्सबी.

“मिस पिकार्ड, एक पाहुणा आहे. नाव विचारू नका.”

“देश तरी?”

“युरोप. तेवढ्यावर भागवा. फायलीवर ‘बगळा’ असं लिहा.”

“हा बगळा करतो काय?”

“शिवतो. तीन वर्षांत दीडशे माणसं लागतील त्याला. तीन काउंट्या बघणार आहे, तुमची शेवटची. पुढच्या आठवड्यात गुरुवारी येतोय. आणि ऐका, गावात एक अक्षर फुटलं तर बगळा उडाला म्हणून समजा. मागं एका गावानं पेपरात स्वागत छापलं, पाहुणा विमानतळावरूनच परत फिरला.”

त्यानं कागद पाठवला, नेड्रानं सही केली. हर्शेललाही सांगायचं नाही असं त्यात होतं. फायलीवर तिनं ‘बगळा’ लिहिलं आणि खाली ‘शिवतो’ एवढा एकच शब्द. शिवणारी माणसं म्हटली की तिच्या डोळ्यांपुढं जुन्या कारखान्यातल्या बायकांची रांगच उभी राहायची. हे स्थळ गेलं की शेडमध्ये कोंबडखत येणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते. ब्रदर टिल्मन विचारतात, कुणासाठी देवाकडं मागायचं? मग हात वर होतात. कुणाचा गुडघा, कुणाचा जावई, कुणाची गाय. सांगता न येणारं काही असलं की हात वर करून नुसतं ‘मनातलं’ म्हणायचं. मग कुणी विचारत नाही, रीतच आहे तशी. चाळीस वर्षांत नेड्रानं कधी ‘मनातलं’ म्हटलं नव्हतं. त्या बुधवारी तिनं हात वर केला.

“माझं मनातलं हाय,” ती म्हणाली.

ब्रदर टिल्मननी मान हलवली. कुणी विचारलं नाही. घरी जाताना मात्र प्रत्येकजण आपापल्या मनाशी जोडत बसला. नेड्राचं वय अठ्ठावन्न. गेल्या महिन्यात ती बर्मिंगहॅमला, मोठी इस्पितळं आहेत तिथं, दोनदा गेली होती. वजनही उतरल्यासारखं दिसतंय. कुणीतरी औषधदुकानात सहज विचारलं. दुकानदार म्हणाला, ‘मला काही सांगता यायचं नाही.’ ते खरंच होतं, कारण त्याला काही ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यानं नेड्राला मोठं दुखणं आहे अशी गावाची खात्री पटली.

शुक्रवारी पहिलं भांडं आलं. काचेच्या ताटलीत भट्टीत भाजलेला चिकन-भात, वर चीज. शनिवारी मॅकरोनी, भोपळ्याचं भरीत, केळ्याचं पुडिंग. सोमवारपर्यंत फ्रीजचं दार लागेना. कुणीतरी तिचं अंगण कापून गेलं. नेड्राला आधी वाटलं, लोक एकाएकी प्रेमळ झाले. मग रुथेल गॅन्ट आली. पँटच्या कारखान्यात रुथेल तिच्या शेजारच्या मशीनवर कमरपट्टे लावायची.

“किती दिसांचं हाय?” रुथेलनं स्वयंपाकघरात बसत विचारलं.

“काय किती दिसांचं?”

“आगं, माझ्यापाशी तरी लपवू नगंस. माझ्या भनीनंबी असंच लपवलं हुतं. कुठल्या अंगाला हाय, तेवढं तरी सांग.”

नेड्राच्या डोक्यात आत्ता उजेड पडला.

“रुथेल, मी ठणठणीत हाय.”

“तीबी ह्येच म्हणायची,” असं म्हणून रुथेलनं डोळे पुसले.

नेड्रा पेचात सापडली. आजारी नाही म्हणावं, तर मग मनातलं काय ते सांगणं आलं. सांगावं, तर बगळा उडतोय. तिनं तोंड मिटलं आणि गुरुवारपर्यंत गावभर दुखणाईत म्हणून हिंडली. दुकानात रांग सोडून तिला पुढं घेत होते. हर्शेल मॅकवॉर्टर आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

गुरुवारी दहा वाजता दोन भाड्याच्या चकचकीत गाड्या तिच्या ऑफिसपुढं थांबल्या. ओगल्सबीबरोबर एक उंच इंजिनिअर होता आणि एक बुटकी बाई, पन्नाशी उलटलेली, गळ्यात दोरीला चष्मा, पायात सपाट बूट. पोर्तुगालच्या उत्तरेकडची, फिलोमेना तावारेस तिचं नाव. बगळा म्हणजे हीच. सगळे नेड्राच्या गाडीतून शेडकडं गेले.

फिलोमेनानं आत येताच खाली वाकून मूठभर माती उचलली, चोळली, टाकली.

“मागं ओढा आहे. पाणी येतं?”

ओगल्सबीनं घसा खाकरला. नेड्रा म्हणाली, “कुंपणापर्यंत येतं. सोळा वर्षांपूर्वी एकदा आत चाळीस पावलं आलं होतं. त्यानंतर आम्ही चार फूट भर घातली, मग शेड बांधली.”

“भर घातल्यावर?”

“नाही आलं. पण तसा पाऊसही पुन्हा पडला नाही.”

इंजिनिअरनं लिहून घेतलं. नेड्रानं लोकसंख्येचा छापील कागद पुढं केला. फिलोमेनानं तो घडी घालून खिशात टाकला.

“असला कागद तिन्ही काउंट्यांनी दिला. आकडेही तेच. मला माणसं बघायची आहेत. शिवणारी माणसं कुठं आहेत?”

नेड्रानं शेडला कुलूप लावलं. माणसं दाखवायची तर आधी त्यांना सांगायला हवं, आणि सांगायला तर बंदी. “आधी जेवून घेऊ,” ती म्हणाली. ऑफिसात तिनं सँडविचं आणून ठेवली होती.

ऑफिसात शिरली आणि तिचे पाय दारातच थबकले. आत अकरा बायका होत्या. सकाळी रुथेल तिच्या घरी गेली, घर बंद. ऑफिसपुढं बाहेरगावच्या दोन गाड्या. रुथेलनं ताडलं, नातेवाईक गोळा झाले. आणि जिथं नातेवाईक गोळा होतात तिथं जेवण पोचायलाच पाहिजे. दोन तासांत जुन्या कारखान्याची अख्खी रांग भांडी घेऊन हजर. नकाशे गुंडाळून कोपऱ्यात, आणि टेबलावर ताटल्याच ताटल्या.

“हे काय आहे?” ओगल्सबी दात आवळून बोलला.

“जेवण.”

“कुणाला सांगितलंत तुम्ही?”

“कुणालाच नाही. त्यांना वाटतंय मी मरायला टेकलेय.”

रुथेल तोवर फिलोमेनाचा हात धरून होती. “तुमी तिच्या आईकडच्या का बापाकडच्या?”

फिलोमेनाला ते उमगलं नाही. उमगायच्या आत तिच्या हातात भरलेली ताटली आली. तिनं दोन घास खाल्ले आणि नेड्राला विचारलं, “या कोण?”

“माझ्याबरोबर पँटच्या कारखान्यात होत्या.”

फिलोमेनानं काटा खाली ठेवला. पायाशी ठेवलेली बॅग उघडून तिनं पांढऱ्या जाड कापडाची एक पिशवी काढली. गाडी धडकली की फुगून छातीपुढं येते ती हवेची पिशवी. ओगल्सबीनं डोळे मिटून घेतले. एवढं झाकून ठेवलेलं, आणि पाहुणीनंच टेबलावर उघडं केलं.

“ही आम्ही शिवतो,” ती म्हणाली.

कुणी लगेच हात लावला नाही. अकराही जणींनी आधी हात पुसले. मग व्हर्ना स्टॅग्जनं पिशवी उचलली, खिडकीपाशी नेली, उलटी केली, शिवणीवरून नख फिरवलं.

“कापड झ्याक हाय. पण हितं सुई बोथट झाली हुती. बदलायची सोडून तशीच रेटलीया.”

पिशवी हातोहात फिरली. डोव्ही लॅशली म्हणाली, “कोपऱ्यात वळताना मशीनचा पाय उचलला न्हाई. घाई हुती बाईला.”

“सुट्टीची येळ झाली आसंल,” ओपल क्रेन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

फिलोमेनाही हसली. “शुक्रवारचा माल आहे. तुमचं बरोबर आहे.” मग चष्मा नाकावर चढवून तिनं विचारलं, “मी इथं कारखाना काढला तर तुमच्यातल्या किती जणी येतील?”

अकरा हात वर झाले.

ओगल्सबीच्या तोंडावर तजेला आला. इंजिनिअरनं आकडा लिहिला. नेड्रा हातांकडं बघत राहिली. हॅचरमध्ये पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. विचारलं की ‘हो’ म्हणायचं, आणि नाही ते मागाहून कुणाकडून तरी कळवायचं. हे अकरा हात तसलेच होते. ते खोटं बोलत नव्हते, पाहुणचार करत होते. पण पोर्तुगालच्या बाईला ते कसं कळावं? ती या अकरांवरून सगळ्या काउंटीचा हिशेब धरणार. कारखाना उभा राहणार, माणसं मिळणार नाहीत, आणि दोन वर्षांनी कुणीतरी टेबलावर उभं राहून काम कुठं चाललंय ते सांगणार.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. डिसेंबर चार महिन्यांवर होता.

“तीन,” नेड्रा म्हणाली. “अकरा नव्हे. तीन धरा.”

“मिस पिकार्ड,” ओगल्सबी म्हणाला.

“व्हर्ना येईल, डोव्ही येईल, ओपल येईल. बाकीच्या तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हात वर करून बसल्यात. लुसीच्या मनगटाचं दोनदा ऑपरेशन झालंय. फेबीच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आहे. रुथेलला सुईचं भोक दिसत नाही.”

बाकीचे हात एकेक करून खाली आले. रुथेलचा हात अजून वरच होता. तिनं तो सावकाश खाली घेतला.

“हात माझा हाय,” ती म्हणाली. “वर मी केला. तू कोण खाली घेणारी?”

“रुथेल, मागल्या आठवड्यात तुझ्या सुईत दोरा मीच ओवून दिला.”

“आन् आजारी कोण हाय मग?”

“कुणीच न्हाई.”

“आठ दिस आमी तुझ्यासाठी रडतोय!”

“मी सांगितलं हुतं, ठणठणीत हाय म्हणून.”

रुथेलनं आपलं भांडं उचललं. अर्धं भरलेलं होतं, तसंच उचललं आणि निघाली. तिच्यामागं सात जणी गेल्या. फिलोमेनानं आपली ताटली मात्र पुरती चाटूनपुसून संपवली.

गाडीपाशी ओगल्सबी म्हणाला, “वीस वर्षं या धंद्यात आहे. हातात आलेली गोष्ट स्वतःहून फेकणारी तुमच्यासारखी दुसरी बघितली नाही. काल पलीकडच्या काउंटीनं कशासाठी ते न सांगता चाळीस बायका बोलावल्या होत्या. चाळीसच्या चाळीस हात वर.”

“त्यातल्या येतील किती?”

“ते त्यांनी कशाला सांगावं?” असं म्हणून त्यानं दार आपटलं.

गावाला आता दोन गोष्टी कळल्या. नेड्राला काही झालेलं नाही, आणि कारखाना येता येता तिनं घालवला. दुसरीचा राग मोठा, पण लोक बोलायचे पहिलीवर. लुसी दुकानात म्हणाली, ‘ह्यापेक्षा खरंच आजारी असती तर बरं झालं असतं.’ म्हणाली आणि लगेच जीभ चावली. रुथेल चर्चमध्ये चार बाकं पुढं जाऊन बसायला लागली. हर्शेलनं मंडळाच्या बैठकीत नेड्राला उभं केलं.

“तुला कुणी इचारलं हुतं का?”

“न्हाई.”

“मग तोंड उघडायचं काय नडलं हुतं?”

“कारखाना बंद झाला की तू खाद्य इकतोस ते इकतच ऱ्हातोस, हर्शेल. घरी आमी जातो.”

बैठकीच्या इतिवृत्तात हे कुणी लिहिलं नाही. इतिवृत्त लिहायचं कामही नेड्राचंच होतं.

डेल यार्ब्रो येऊन पावलांनी शेड मोजून गेला. सप्टेंबर संपला. ऑक्टोबरात एके सकाळी फोन वाजला. ओगल्सबी नव्हता, खुद्द फिलोमेना होती.

“मिस पिकार्ड, आम्ही येतोय. पहिल्या वर्षी पंचेचाळीस माणसं, कामाला नवीन असली तरी चालतील. पुढचं पुढं बघू.”

नेड्रानं खुर्ची ओढली आणि बसली. “का, ते विचारू का?”

“एका गावात चाळीस हात, दुसऱ्यात सव्वीस. मी इंजिनिअरला विचारलं, यातले वजा किती करायचे? त्याला सांगता येईना, मलाही येईना. तुमचे आधीच वजा केलेले होते. तीन बायका नवीन माणसांना शिकवतील, एवढ्यावर मला पहिलं वर्ष आखता आलं. त्या तिघी पक्क्या आहेत ना? त्यांच्यावरच सगळी सुरुवात आहे. उद्या मला नक्की सांगा, कागदावर घालायचंय.”

नेड्रा दुपारी निघाली. व्हर्ना हो म्हणाली, आणि पहिल्या दिवशी किती वाजता यायचं ते विचारलं. डोव्हीनं हो म्हणण्याआधी मशीन कुठल्या बनावटीची ते विचारलं. ओपल म्हणाली, “येते की.”

“ओपल, पाहुणी गेली आता. मीच हाय हितं.”

ओपल हातातला कपडा चोळत राहिली. मग म्हणाली, “पोरीला जुळी झाल्यात. तिच्याकडं चाललेय मोबीलला. निदान दोन वरसं तरी तिथंच.”

परतताना रुथेलच्या ओसरीपुढून जावं लागलं. रुथेल शेंगा सोलत बसली होती. नेड्रानं गाडी थांबवली, उतरली आणि पायरीवर बसली. रुथेलनं बघितलं नाही, पण शेंगांची परात दोघींच्या मध्ये सरकवली.

“ओपल न्हाई म्हणाली म्हणं,” शेंग फोडत रुथेल बोलली. गावात बातमी गाडीच्या आधी पोचते. “मग मी येते.”

“तुझा डोळा?”

“पुढल्या महिन्यात मोतीबिंदू कापणार हाय.”

“कापून झाल्यावर सांग.”

“एकदा तरी हो म्हण की गं बाई!”

“तू एकदा तरी न्हाई म्हण.”

रुथेल हसली नाही. पण ओंजळभर सोललेले दाणे तिनं नेड्राच्या मांडीवर टाकले.

दुसऱ्या दिवशी हर्शेल ऑफिसात येऊन बसला होता. बातमीनं त्याची छाती फुगली होती. नेड्रानं नंबर फिरवला तेव्हा तो पुढं वाकून कुजबुजला, “तीनच सांग. तिसरी कोण बी मिळंल. कुणाला कळतंय?”

नेड्रानं त्याच्याकडं पाठ केली.

“मिस तावारेस, तीन नाहीत. दोन.”

पलीकडं कागद सळसळले. मग पेन्सिलीनं काहीतरी खोडल्याचा आवाज आला. हर्शेलनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

“दोन,” फिलोमेना म्हणाली. “म्हणजे सुरुवातीलाच पंचेचाळीस नाही, तीस. बाकीची पंधरा उन्हाळ्यात. चालेल?”

“चालेल.”

“दोघींची नावं सांगा. एकेक अक्षर, सावकाश.”

नेड्रा सांगू लागली. व्हर्नाचं आडनाव पोर्तुगालात कुणाला पहिल्या झटक्यात लिहिता येईना, म्हणून तिनं ते तीनदा सांगितलं.